नऊ नंबरचा प्रश्न

चष्मेवाल्यांच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की आधी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघायचं आणि मग त्याच्या शेजारी खिळ्याला टांगलेली शिट्टी. ज्याला माहीत नसे तो विचारायचा, "ही कसली हो?" ज्याला माहीत असे तो नुसता गालातल्या गालात हसायचा. चष्म्याचा धंदा करणारा माणूस फुटबॉलचा पंच असावा, ह्याहून मोठी गंमत त्या बाजारपेठेत दुसरी नव्हती. मैदानावर पंचवीस वर्षं त्यांनी एकच ओरड ऐकली, "दुकानातला एखादा स्वतःच्या डोळ्यांवर चढवा की!" सुरुवातीला कान तापायचे. पुढं पुढं ते ओरडणाऱ्याकडे बोट करून म्हणायचे, "उद्या दुकानात या. तपासणी फुकट." खरंच दोन-चार जण आले, आणि त्यातल्या एकाला चांगला दीड नंबर निघाला.

आता ते एकोणसाठचे होते. गुडघ्यांनी चार वर्षांपूर्वीच हात टेकले होते, त्यामुळे पळणं बंद. पण नियमांचं पुस्तक काही सुटलं नव्हतं. पंच मंडळाच्या परीक्षेचे ते मुख्य परीक्षक. दर बुधवारी दुपारी दुकान अर्धा दिवस बंद असायचं, तेव्हा वरच्या खोलीत पंचांची बैठक भरायची. खोलीत एक लांबलचक टेबल होतं. पूर्वी त्याच्यावर भिंगं घासायचं काम चालायचं, त्यामुळे लाकडावर गोल गोल चरे होते. आता त्याच्यावर हिरवं कापड अंथरून मैदान व्हायचं. काळ्या डब्या एक टीम, तपकिरी डब्या दुसरी टीम, लहान पोरांच्या चष्म्याच्या लाल डब्या गोलकीपर, आणि बॉल म्हणजे सदऱ्याचं पांढरं बटण.

"पेनल्टी मारली," बसवर कंडक्टर असलेला एक पंच बटण सरकवत म्हणायचा, "आणि बॉल मधल्या वाटेत फुटला. कुणाला लागला नाही, खांबाला लागला नाही. हवा गेलेला तसाच लटपटत गोलात गेला. द्या निर्णय!"

"गोल!"

"गोल कसला? माझ्या बसचं टायर फुटलं तर गाडी पोचली म्हणायचं का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"पेनल्टी पुन्हा," कोपऱ्यातून नर्सबाई शांतपणे सांगायच्या. इस्पितळात रात्रपाळी आणि रविवारी मैदान, असं त्यांचं चाललेलं. त्यांचं उत्तर सहसा चुकायचं नाही, त्यामुळे सगळ्यांना त्यांचा मनातून थोडा राग यायचा.

मग ज्यानं "गोल" म्हटलेलं असे त्याच्या नाकावर फ्रेम चढायची. ही त्या बैठकीची रीत. डोळे तपासताना घालतात ती लोखंडी, वजनदार, गोल खाचांची फ्रेम, आणि तिच्यात आठ-आठ नंबरची जाड भिंगं. घातली की समोरचा माणूस पाण्यात बुडाल्यासारखा दिसायचा. जो चुकला त्यानं ती घालायची, आणि पुढचा कुणी चुकेपर्यंत काढायची नाही. फ्रेम नाकावर असेपर्यंत दुसऱ्याच्या वादात तोंड घालायचं नाही आणि मताला हात वर करायचा नाही. जिना उतरायला लागला तरी फ्रेम सुटायची नाही. मंडळाचे सेक्रेटरी एकदा तशाच फ्रेमनं खाली गेले आणि दुकानातल्या आरशाला नमस्कार करून आले, असं कंडक्टर सांगायचा.

चष्मेवाल्यांच्या नाकावर मात्र ती कधी चढली नव्हती. एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

एकोणीस वर्षं झाली होती आणखी एका गोष्टीला. परीक्षेचा कागद दरवर्षी बदलायचा. वीस प्रश्नांतले एकोणीस नवे असायचे. नऊ नंबरचा तेवढा तोच. *आपल्या पेनल्टीच्या चौकोनाबाहेर फ्री किक मिळालेल्या खेळाडूनं बॉल मागं कीपरकडे मारला. कुणालाही न लागता तो स्वतःच्याच गोलात गेला. पंचाचा निर्णय काय?*

"ह्या नऊ नंबरशी तुमचं काय लग्न लागलंय का?" बायको कागद साफ लिहून द्यायची, तेव्हा दरवर्षी विचारायची. "पोरांना पाठ झालं असेल आता."

"पाठ व्हावं म्हणूनच असतो."

"उत्तर काय त्याचं?"

"कॉर्नर. स्वतःच्या फ्री किकवर स्वतःवर गोल होत नाही. समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो."

"आणि गोल दिला तर?"

"तर पंच गाढव," चष्मेवाले म्हणायचे, आणि एखादी फ्रेम उगीचच पुसायला घ्यायचे.

त्या वर्षी परीक्षेचे अर्ज घ्यायच्या शेवटच्या दिवशी एक माणूस दुकानात शिरला. नखांत सिमेंट, पँटच्या गुडघ्यांवर चामड्याच्या पट्ट्या, हातात चारघडी केलेला अर्ज. चष्मेवाल्यांनी त्याला तो दारात असतानाच ओळखलं. 

"सर, नमस्कार. पंचाच्या परीक्षेला बसायचंय."

"वय?"

"एक्केचाळीस. पुढच्या महिन्यात बेचाळीस पूर्ण."

"म्हणजे ही शेवटचीच संधी. बेचाळीसनंतर मंडळ नवा माणूस घेत नाही."

"तेच तर. म्हणून काल अर्धी खोली फरशी घालून अर्धी तशीच टाकली आणि फॉर्म आणला. मालकीणबाई अजून ओरडतायत."

"इतक्या वर्षांनी कसं सुचलं?" चष्मेवाल्यांनी अर्जाकडे बघतच विचारलं.

फरशीवाला स्टुलावर टेकला. "पोरगी शाळेच्या टीममध्ये खेळते, सर. डाव्या बाजूला. पळते अशी, की बघत राहावं. आणि मी बघतो कुठून? कुंपणाच्या बाहेरून, झाडामागून. आत गेलो की कुणीतरी हाक मारतंच. भेद्या आला रे, घरभेद्या आला! मला सवय आहे हो. पण परवा वर्गातल्या एकीनं पोरीला विचारलं, तुझे बाबा तुला कुठल्या गोलात मारायला शिकवतात गं? पोरीनं घरी येऊन बूट कॉटखाली ढकलले, ते दोन दिवस काढलेच नाहीत." तो थोडा हसला. "म्हटलं, शाळेच्या मॅचला पंच मिळत नाहीत, आपण शिट्टी घ्यावी. शिट्टी तोंडात असलेल्या माणसाला नावं ठेवतात, पण ती पंच म्हणून. तेवढं चालेल मला."

मग उठता उठता तो म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी मला पाणी दिलं होतं, सर. आमच्या टीममधलं कुणी जवळ उभं राहत नव्हतं, तेव्हा. विसरलो नाही मी."

चष्मेवाल्यांनी अर्जावर शिक्का मारला. उलटा लागला. पुन्हा मारला.

तो दिवस त्यांनाही विसरता आला नव्हता. स्पर्धेची फायनल, शून्य-शून्य, शेवटची दोन मिनिटं. समोरच्या टीमचा खेळाडू ऑफसाईड सापडला म्हणून फरशीवाल्याच्या टीमला फ्री किक मिळाली, आपल्याच चौकोनाच्या दोन पावलं बाहेर. बावीस वर्षांच्या ह्या पोरानं घाईत, मागं न बघता, बॉल कीपरकडे ढकलला. बॉल गुळगुळीत सरकत गेला आणि गोलात शिरला. मैदान उसळलं. सगळ्यांच्या तोंडून 'गोल' निघाला आणि चष्मेवाल्यांच्या शिट्टीतूनही तोच निघाला. हात मधल्या वर्तुळाकडे वळून मोकळा झाला. डोक्यानं काही विचारायच्या आत. कप वाटला गेला, फोटो निघाले. पोरगा गोलच्या खांबापाशी उकिडवा बसून होता, त्याला त्यांनी पाण्याची बाटली नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात चहा पिता पिता सहज पुस्तक उघडलं, तर नियम डोळ्यांसमोर. चहा तसाच गार झाला.

तेव्हाच मंडळात जाऊन सांगायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत आठवडा गेला, मग महिना. आणि त्या महिन्यात त्यांनी स्वतःची एक समजूत घालून घेतली: कीपरच्या हातमोज्याचं टोक बॉलला लागलं असणार. पुसटसं का होईना, लागलं असणार. लागलं असेल तर गोल बरोबर. कीपर पुढं नोकरीसाठी दूरदेशी गेला, त्यामुळे विचारायला कुणी उरलं नाही. त्या हातमोज्याच्या टोकावर चष्मेवाल्यांनी एकोणीस वर्षं काढली. आणि नियमांत असे काही पक्के झाले, की दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक होऊ नये म्हणून दरवर्षी नऊ नंबरला तोच प्रश्न.

त्या वर्षीचा कागद फरशीवाला यायच्या आधीच सेक्रेटरींकडे गेला होता. परत मागावा, तर कारण काय सांगणार? सेक्रेटरी म्हणजे पोस्टातून रिटायर झालेला कागदी माणूस. पायात बूट घालून मैदानावर कधी उतरला नव्हता, पण टाचणीसुद्धा सरळ लावलेली नसेल तर कागद परत पाठवणारा. चष्मेवाल्यांनी दुसरा मार्ग धरला, आणि तो पहिल्याहून वाईट निघाला. परीक्षेआधीच्या सहा बुधवारी त्यांनी सात उमेदवारांना सगळं शिकवलं. थ्रो शिकवला, पेनल्टी शिकवली, ऑफसाईड तर डब्या फिरवून फिरवून शिकवला. फ्री किकच्या पानावर आले, तेव्हा समोर फरशीवाला वही उघडून, पेन्सिल जिभेला लावून तयार बसला होता. चष्मेवाल्यांनी दोन पानं एकदम उलटली.

परीक्षा झाली. पहिले दहा प्रश्न चष्मेवाल्यांनी तपासायचे आणि पुढचे दहा सेक्रेटरींनी, अशी वाटणी होती. वीसपैकी पंधरा आले तर पास. चष्मेवाले काउंटरवर कागद घेऊन बसले होते, बायको शेजारी एका फ्रेमचा स्क्रू पिळत होती. फरशीवाल्याचा कागद आला. अक्षर मोठं, दाबून लिहिलेलं. नऊ नंबरला त्यानं लिहिलं होतं: *गोल. हे पुस्तकात शोधायची गरज नाही, मी स्वतः अनुभवलं आहे.*

लाल पेन कागदावर टेकून तिथंच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

"काय झालं?" बायकोनं मान वाकडी करून वाचलं. ती त्या फायनलला नव्हती, पण फायनलची गोष्ट गावभर झालेली. तिनं नवऱ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि एकोणीस वर्षांचे नऊ नंबर तिच्या डोक्यात ओळीनं येऊन बसले असावेत. हातातला स्क्रू खाली ठेवून ती म्हणाली, "अहो... म्हणजे पंच गाढव, तो तुम्ही?"

"कीपरचं बोट लागलं असेल."

"तुम्ही बघितलंत?"

चष्मेवाले शाईचा ठिपका बोटानं पुसायला लागले.

"नंबर चुकलेला चष्मा गिऱ्हाईक परत घेऊन आलं, तर काय करता?"

"बदलून देतो."

"ते पैसे मागतं म्हणून देता की चूक आपली म्हणून?"

"अगं, पण एकोणीस वर्षांनी कोण बदलून देतं?"

"गिऱ्हाईक तर आज आलंय," बायको म्हणाली, आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागली.

चष्मेवाल्यांनी चुकीची फुली मारली. उत्तर चूकच होतं. सेक्रेटरींचे गुण मिळवले तेव्हा फरशीवाल्याची बेरीज चौदा झाली.

आता निकालाचीही त्यांच्याकडे एक रीत होती. कागद परत देऊन कुणी मोकळं होत नसे. चुकलेलं प्रत्येक उत्तर सगळ्यांसमोर वाचायचं, उमेदवारानं पटवून द्यायचं. पटलं तर गुण द्यायचा, नाही पटलं तर नाकावर फ्रेम. शेवटचा निर्णय हात वर करून. हात चौघांचे: चष्मेवाले, सेक्रेटरी, नर्सबाई आणि कंडक्टर.

बुधवारी दुपारी वरची खोली भरली. सहा जण बघता बघता पास होऊन खिडकीशी जाऊन उभे राहिले. फरशीवाल्याचे सहा प्रश्न चुकले होते. चौथ्यावर तो चांगला भांडला आणि हरला. फ्रेम त्याच्या नाकावर आली.

"प्रश्न नववा," सेक्रेटरींनी वाचलं. "उमेदवाराचं उत्तर, गोल. काय म्हणणं आहे?"

"म्हणणं काय असणार?" जाड भिंगांमागं फरशीवाल्याचे डोळे बशीएवढे दिसत होते. "हे मी अंगावर घेतलंय. सगळ्यांना ठाऊक आहे."

"पुस्तकात कॉर्नर लिहिलंय."

"पुस्तकात असेल. पण मैदानावर गोल दिला होता. आणि दिला कुणी? ह्याच सरांनी! चुकीचा निर्णय हे देतील का? मग पुस्तक खरं की सर खरे, ते तुम्हीच सांगा."

खिडकीशी उभे असलेले हसले. कंडक्टर मात्र सावरून बसला. "थांबा थांबा. तुझा प्रसंग वेगळा असेल. कीपरचा हात लागला असेल. हात लागला की गोल. सर, तसंच झालं होतं ना?"

चष्मेवाल्यांच्या समोर वाट मोकळी होती. नुसती मान हलवली की झालं. निर्णय बरोबर ठरला असता, फरशीवाल्याला त्याचा प्रसंग वेगळा होता एवढंच समजलं असतं. त्यांनी तोंड उघडलं.

पण फरशीवालाच आधी बोलला. "हात? कुठला हात? कीपर तिथं होता का! तो खांबाच्या मागं बाटली तोंडाला लावून पाणी पीत होता. मी किक मारली आणि मागं बघितलं, तर हा तिकडं घटाघटा पितोय. तोच तर घात झाला. तो हात लावायच्या अंतरावर असता, तर मी भेद्या झालो असतो का?"

तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. जुनी गोष्ट सांगताना माणूस रंगतो, तसा रंगून सांगत होता. आपण काय सांगितलं हे त्याला अजून समजलं नव्हतं. नर्सबाईंना समजलं. त्यांनी चष्मेवाल्यांकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

चष्मेवाले उठले. टेबलाला वळसा घालून फरशीवाल्यासमोर गेले, आणि दोन्ही हातांनी, गिऱ्हाइकाच्या कानाला टोचू नये म्हणून काढतात तशी, त्याच्या नाकावरची फ्रेम काढली. स्वतःच्या नाकावर चढवली.

"सर, हे काय?" कंडक्टर म्हणाला.

"चुकला त्यानं घालायची." त्यांनी दांड्या कानांवर नीट बसवल्या. "कॉर्नर होता. मी गोल दिला. दुसऱ्या दिवशी पुस्तक बघितलं तेव्हा मला कळलं होतं. एकोणीस वर्षं कुणाला बोललो नाही. आणि ह्या वर्षी ते पान शिकवायचं टाळलं, कारण तुम्ही समोर बसला होता."

 फरशीवाल्याचा चेहरा त्यांना भिंगांतून दिसतच नव्हता, नुसता गव्हाळ रंगाचा एक डाग दिसत होता. डाग हलला नाही.

"मग देऊन टाका की त्याला हा गुण," कंडक्टर घाईघाईनं म्हणाला. "पंधरा होतात. सगळं मिटेल."

"नाही," चष्मेवाले म्हणाले. "द्यायला नको ते मी एकदा दिलंय. त्यांचं उत्तर चूक आहे. चूक माझ्याकडून शिकले, तरी चूक आहे."

"आणि सरांना आता मतही नाही," सेक्रेटरींनी आठवण करून दिली. "फ्रेम नाकावर आहे."

ते चष्मेवाल्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. फरशीवाल्याचा एक हक्काचा हात त्यांनी आत्ताच बाद करून टाकला होता.

जिन्यावर दाणदाण पावलं वाजली. फरशीवाला खाली गेला होता. दुकानात बायकोनं त्याच्यासमोर पाण्याचा पेला धरला. वरपर्यंत ऐकू आलं, "मागच्या वेळी पण पाणीच दिलं होतं, वहिनी."

"मग नका पिऊ," ती म्हणाली. "शिव्या घाला. मी दार लावून घेते, मोकळेपणानं घाला."

 मग पेला काउंटरवर ठेवल्याचा आवाज झाला आणि पावलं पुन्हा वर आली, ह्या वेळी हळूहळू.

"अजून चार प्रश्न राहिलेत," दारातूनच फरशीवाला म्हणाला. "घ्या पुढचा."

पुढचे दोन गेले. बारावा गेला, चौदावाही गेला. तिथं त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं आणि त्यानं ओढूनताणून बोलायचा प्रयत्नही केला नाही. रीतीप्रमाणे फ्रेम त्याच्याकडे जायची, पण चष्मेवाल्यांनी ती नाकावरून काढूच दिली नाही. सोळावा प्रश्न सेक्रेटरींनी स्वतः काढला होता, पट्टीनं आखलेल्या चित्रासकट. चित्रात गोलची रेघ होती आणि रेघेच्या पलीकडे जमिनीवर टेकलेला बॉल. बॉल टेकलाय त्या जागेत आणि रेघेत बोटभर मोकळी जागा. गोल की नाही, कारण द्या.

"उमेदवाराचं उत्तर," सेक्रेटरी वाचायला लागले, "गोल नाही. ओळंबा सोडून बघा. हे काय कारण झालं? ओळंबा हा शब्द नियमांत कुठं आहे? बॉल रेघेच्या पलीकडे टेकलाय, स्वच्छ दिसतंय. गोल."

"दिसतंय खरं," कंडक्टर पुटपुटला.

चष्मेवाले खुर्चीत ताठ झाले. सेक्रेटरी चुकत होते. त्यांना ते डोळे मिटून सांगता आलं असतं. जीभ टाळूपर्यंत आली. पण फ्रेम नाकावर होती, आणि दुसऱ्याच्या वादात तोंड घालायचं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

फरशीवाल्यानं कोपऱ्यातला खरा फुटबॉल आणला. जमिनीकडे एकदा बघितलं. खोलीच्या कडेनं फरशीत काळी पट्टी होती, ती त्यानं रेघ धरली. चामड्याच्या पट्ट्या लावलेल्या गुडघ्यांवर बसला आणि बॉल पट्टीच्या पलीकडे, बोटभर जागा सोडून ठेवला. मग खिशात चाचपलं. "दोरी आहे का?"

नर्सबाईंनी आपल्या चष्म्याची दोरी काढून दिली. त्यानं तिच्या टोकाला टेबलावरचा बारीक पेचकस बांधला आणि दोरी बॉलच्या फुगलेल्या पोटाला हलकेच टेकवून खाली सोडली. पेचकस दोनदा हेलकावला, थांबला. टोक बरोबर काळ्या पट्टीवर.

"मी वीस वर्षं भिंतीच्या कडेला फरशी बसवतोय," तो मान वर न करता म्हणाला. "वस्तू टेकते तेवढीच नसते. बॉलचं बूड बाहेर आहे, पोट अजून रेघेवर आहे. सगळा बॉल सगळ्या रेघेपलीकडे गेला पाहिजे. बूड नाही, सगळा. हे सरांनी पहिल्याच बुधवारी शिकवलं होतं." किंचित थांबून तो म्हणाला, "हे शिकवलं होतं."

सेक्रेटरींनी खाली वाकून बघितलं. मग एका गुडघ्यावर बसून बघितलं. मग चक्क फरशीवर आडवं होऊन, गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून बघितलं. पुस्तक मागवलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा बघितलं.

"माझं उत्तर चुकलं," आडवे असतानाच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खेद कमी आणि आश्चर्य जास्त होतं.

नर्सबाईंचा हात आधीच वर होता. कंडक्टरचाही वर गेला. सेक्रेटरींनी आडव्यानंच आपला उचलला. शेवटचा प्रश्न अठरावा; तोही फरशीवाल्याचा गेला. बेरीज पंधरा.

"पास," सेक्रेटरींनी उठून कपडे झटकत सांगितलं, आणि रीतीप्रमाणे चष्मेवाल्यांपुढं हात केला. "आणा ती फ्रेम. आता पाळी माझी."

"आज राहू द्या माझ्याकडे," चष्मेवाले म्हणाले. "फरशीवाले, तुम्हाला भेद्या पहिल्यांदा कुणी म्हटलं?"

"आमच्या कॅप्टननं. आता टायरचं दुकान आहे त्याचं, चौकाच्या पुढं."

"चला."

भर दुपारी बाजारातून दोघं निघाले. चष्मेवाल्यांना समोरचं काहीच धड दिसत नव्हतं; हातगाडी म्हणजे ढग, सायकल म्हणजे चमकणारी रेघ. दुकानांच्या पायऱ्यांवरून लोक बघायला लागले. "चष्मेवाले, नवा माल का?" "अहो, शेवटी चढवला की डोळ्यांवर!" पंचवीस वर्षांची ओरड त्या दिवशी खरी झाली होती. फरशीवाला दोन पावलं पुढं चालला होता. गटाराच्या झाकणापाशी चष्मेवाल्यांचा पाय अडखळला, तेव्हा तो थांबला, आणि काही न बोलता त्यांचं मनगट धरलं. धरलं ते जरा जास्तच घट्ट.

कॅप्टन टायरच्या राशीवर बसून नळी तपासत होता. पोट सुटलं होतं, आवाज तोच होता. "अरे भेद्या! आणि हे कोण सोबत? पंचसाहेब? हे डोळ्यांवर काय घातलंय?"

चष्मेवाल्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फ्री किक, कॉर्नर, शिट्टी, पुस्तक, चहा. काहीच हातचं राखलं नाही. कॅप्टनच्या हातातली नळी फुसफुसत रिकामी झाली, तरी त्याला समजलं नाही.

"म्हणजे कप आपला होता?"

"असं नाही म्हणता येणार. त्यांना कॉर्नर मिळाला असता. पुढं काय झालं असतं कुणास ठाऊक. पण ह्यांचा गोल नव्हता, एवढं नक्की."

"मागं न बघता मारली, ती माझीच चूक," फरशीवाला म्हणाला. "तेवढी ठेवतो मी माझ्याकडे."

कॅप्टननं फडक्यानं हात पुसले. बोटं काळी ती काळीच राहिली. "लग्नात तुझ्या, मी माईकवरून ओरडलो होतो रे," तो हळूच म्हणाला. "भेद्या म्हणून."

"ऐकलं होतं सगळ्यांनी."

"मग आता तुला म्हणायचं तरी काय?"

"रविवारी दहा वाजता शाळेच्या मैदानावर मॅच आहे. मुलींची. ये बघायला. पण बाहेरून ओरडायचं नाही. ओरडलास तर घालवून देईन. तो अधिकार असतो पंचाला, परवाच वाचलंय."

कॅप्टन मोठ्यानं हसला, मग एकदम थांबला, मग दोघांसाठी चहा सांगायला उठला. चहा दोघांनीही घेतला नाही. परत फिरताना चष्मेवाल्यांनी फ्रेमच्या दांडीला हात लावला.

"काढू का आता?"

फरशीवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं. नाकावर दोन्ही बाजूंनी लाल वळ उठले होते, भिंगांवर घाम जमला होता, आणि मोठाले झालेले डोळे भलत्याच दिशेला बघत उत्तराची वाट बघत होते.

"दुकानापर्यंत राहू द्या," तो म्हणाला, आणि पुढं पायरी होती म्हणून त्यानं त्यांचं मनगट पुन्हा धरलं. ह्या वेळी जरा सैल.